फरशीच्या वरचं आणि खालचं

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत १९८८ सालची बारा घरं आहेत, लिफ्ट नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांचं बाथरूम बरोबर माझ्या बाथरूमच्या डोक्यावर येतं. त्यामुळे ते नवं करायचं की नुसतं डागडुजीवर भागवायचं, हा प्रश्न त्यांच्या घरचा असला तरी मी त्यात तटस्थ नाही. माझ्या छताचा गिलावा एका जागी सुटून खाली आलाय आणि आतला गज तांबूस दिसतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कोणाची बाजू घेतली तर का घेतली ते कळेल.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी, जिला सगळी सोसायटी ताई म्हणते, फिजिओथेरपिस्ट आहे आणि बाणेरला राहते. एका रविवारी मला वरून हाक आली, ‘या, तुमचाही विषय आहे.’ टेबलावर दोन अंदाजपत्रकं होती. ताईनं डिझायनरकडून आणलेलं ३ लाख १० हजारांचं, रंगीत, चित्रांसकट. अण्णांचं पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं, २२ हजारांचं. काकू, म्हणजे ताईची आई, पलीकडे मटार सोलत बसल्या होत्या.

अण्णा : गळतं म्हणून कोणी घर पाडत नाही. फरशीच्या सांधी खरवडायच्या, एपॉक्सी भरायचं, जाळीभोवती केमिकल ओतायचं. दोन दिवसांत मोकळं.

ताई : सांधीतूनच गळतंय हे कोणी सांगितलं तुम्हाला? जिलबीच्या रंगानं तर वेगळंच सांगितलं.

जिलबीच्या रंगाचा प्रयोग अण्णांचाच. गळती येणाऱ्या पाण्याच्या पाइपातून आहे की जाणाऱ्या, हे शोधायला त्यांनी आधी गच्चीवरचा आपल्या लायनीचा कॉक रात्रभर बंद ठेवला. थेंब थांबले नाहीत. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही असं ते स्वतःच म्हणाले, कारण खाली मुरलेलं पाणी कॉक बंद केल्यावरही कितीतरी वेळ टिपकत राहतं. मग त्यांनी खायचा केशरी रंग कालवून नहाणी ट्रॅपमध्ये ओतला. काही नाही. तोच नंतर कमोडमध्ये ओतून फ्लश केला, पुन्हा पुन्हा केला, आणि माझ्या छतावरच्या डागाला केशरी कड आली. मी फोटो काढून वर पाठवला तेव्हा अण्णांचं उत्तर आलं, ‘पाहिला.’

ताई : ते कमोड २००४ साली बसवलं. ऑरिसा पॅन काढलं, तेवढाच चौकोन फोडला, जुन्या पाइपाला नवीन तुकडा जोडला आणि वरून सिमेंट लिंपलं. सगळं वरच्यावर.

अण्णा : आईचे गुडघे दुखायला लागले होते. आठवड्यात काम हवं होतं. आणि चुकलं असेल तर तेवढाच चौकोन पुन्हा फोडू.

ताई : आणि खाली साठलेल्या पाण्याचं काय?

मी : साठलेलं म्हणजे कुठं?

इथं अण्णा खुलले. आपल्या घराविरुद्धचा पुरावा द्यायची वेळ आली तरी इंजिनिअरला कोणी ‘कुठं’ आणि ‘किती’ विचारलं की राहवत नाही.

अण्णा : बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली टाकलेला असतो. सन्कन स्लॅब. सांडपाण्याचे पाइप त्या खड्ड्यातून जातात. वर विटांचे तुकडे भरून कोबा करायचा, त्यावर फरशी. आपलं बाथरूम पाच बाय सात. पस्तीस चौरस फूट गुणिले एक फूट, म्हणजे साधारण एक घनमीटर भराव.

ताई : वजन सांगा ना.

अण्णा : कोरडा असेल तर पावणेदोन-दोन टन. ओला असेल तर विचारू नकोस. चांगल्या विटेलासुद्धा स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी प्यायची मुभा मानकातच दिलेली आहे.

मी : म्हणजे माझ्या डोक्यावर…

अण्णा : एक लहानसं धरण आहे. सांडवा तुमच्या बाजूला.

एवढं बोलल्यावर २२ हजारांचा कागद तसा निकालात निघाला होता. वरून सांधी कितीही घट्ट भरल्या तरी खाली मुरलेलं पाणी कुठं जाणार? ते खालच्या स्लॅबमध्येच उतरणार, गज गंजवणार. गंजलेला गज फुगतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. ‘नुसतं ग्राउट मारून घ्या’ असं सांगणारे कारागीर पुण्यात पैशाला पासरी मिळतात. सांधींतून पाणी जायचं काही महिने थांबतं, आणि तेवढ्यात ते बिल घेऊन दुसऱ्या सोसायटीत गेलेले असतात. अण्णांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण तोडफोड मान्य करणं म्हणजे मुलीचं अंदाजपत्रक मान्य करणं, अशी त्यांची समजूत होती. ती बाजूला ठेवल्याबरोबर त्यांनी चष्मा लावला आणि रंगीत कागद ओढून घेतला.

अण्णा : ‘रेन शॉवर आणि डायव्हर्टर, ४६ हजार. काचेचं पार्टिशन, ३४ हजार. वॉटरप्रूफिंग, १८ हजार.’ हे कोणी लिहिलंय?

ताई : डिझायनरनं. शोरूममध्ये बसून केलं आम्ही.

अण्णा : वाटलंच. दिसतं त्याला ऐंशी हजार आणि दिसत नाही त्याला अठरा.

शोरूममधली बाथरूमं मीही पाहिली आहेत. तिथं सगळं असतं, फक्त पाणी नसतं. जाळीत अडकलेले केस नसतात, भिजत घातलेले कपडे नसतात, बादली तर औषधालाही नसते. अशा ठिकाणी उभं राहून आपण काय निवडणार? चकाकी निवडतो. पुढे दहा-पंधरा वर्षं घरात शांतता राहील की नाही हे ज्यावर ठरतं ते काळपट-करडं कोटिंग शोरूमच्या भिंतीवर कोणी मांडत नाही.

अण्णांनी पाठकोरा कागद उलटा केला. (तो आधीच उलटा होता, म्हणजे आता ते कुणाच्या तरी लग्नाच्या आमंत्रणाच्या समासात लिहीत होते.)

अण्णा : लिहून घे, नाहीतर मीच लिहितो. भराव सगळा बाहेर. अर्धा नाही, सगळा. स्लॅब तारेच्या ब्रशनं घासायचा, गज उघडे पडले असतील तर गंज काढून, लेप लावून पॉलिमर मॉर्टरनं बुजवायचे. पाइप जिथं भिंतीतून बाहेर जातात ती भोकं साध्या सिमेंटनं बुजवायची नाहीत, आकसणार नाही असं ग्राउट भरायचं. भिंत आणि स्लॅब मिळतात तिथं काटकोन ठेवायचा नाही, वाटा घालायचा. कारण कोटिंग काटकोनातच चिरतं. मग दोन घटकांचं ॲक्रिलिक-सिमेंटचं कोटिंग, दोन हात, एक उभा एक आडवा. आणि मग पाणी भरून ठेवायचं. ४८ तास तरी. मी ७२ ठेवणार.

मी : मी खालून बघत बसतो.

अण्णा : तुम्हीच बघायचं. मिस्त्रीनं ‘झालं साहेब’ म्हटलं म्हणजे झालं असं नसतं. तुमचं छत कोरडं राहिलं तर पुढच्या हप्त्याचे पैसे.

ताई : आणि मग टाइल्स.

अण्णा : मग सांडपाण्याचे पाइप, मग भराव, मग उताराचा कोबा, मग पुन्हा कोटिंग. भिंतीवर फूटभर चढवायचं, अंघोळीच्या जागी डोक्याच्या वर. पुन्हा पाणी भरायचं. मग टाइल्स.

ताई : दोनदा? डिझायनरनं एकदाच धरलंय.

अण्णा : एकदा फरशीखाली, एकदा स्लॅबवर. वरचं हुकलं तर खालचं आहे. आणि वरचं हुकलंय हे आपल्याला कळायला पाहिजे. धरणाच्या पोटात आम्ही गॅलरी ठेवतो ती कशासाठी? झिरपा किती येतो हे रोज मोजता यावं म्हणून. झिरपत नाही असं धरण नसतं. तसा स्लॅबच्या तळाशी अर्ध्या-पाऊण इंचाचा एक पाइप ठेवायचा, तोंड डक्टमध्ये उघडं. तिथून थेंब पडायला लागला की समजायचं, वरचा थर गेला. ह्यांच्या छतावर केशरी रंग यायची वाट बघायला नको.

मला विचाराल तर त्या दुपारी बोलल्या गेलेल्या सगळ्यात कामाची गोष्ट हीच. त्या पाइपाला खर्च किरकोळ, आणि तरी किती बाथरूमांत तो असतो? भरावाबद्दलही अण्णांनी विटा नाकारल्या. एएसी ब्लॉकचे, म्हणजे आपण पुण्यात ज्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतो त्याचे ठोकळे टाकायचे. घनमीटरला साधारण सहाशे-साडेसहाशे किलो, विटांच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तेही पाणी पितात, म्हणून खालचं कोटिंग चोख पाहिजे, हे त्यांनी दोनदा बजावलं.

ताई : ठीक. फरशीच्या खालचं सगळं तुमच्या मनासारखं. वरचं माझ्या. शॉवर हवा.

अण्णा : कुठल्या दाबावर?

ताई : म्हणजे?

अण्णा : पाण्याची टाकी जिन्याच्या डोक्यावर. आपला मजला वरचा. शॉवरच्या तोंडापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत जेमतेम चार मीटर. दहा मीटरला एक बार. म्हणजे तुझ्या छेचाळीस हजारांच्या शॉवरला ०.४ बार मिळणार. असला मोठा शॉवर नीट पडायला बारभर तरी दाब हवा. नाहीतर पाऊस नाही, पागोळ्या पडतील.

ताई : प्रेशर पंप बसवू.

अण्णा : आधी पाणी कमी येतं म्हणून पंप, मग पाणी संपतं म्हणून टँकर. गुरुवारी पालिका पाणी बंद ठेवते तेव्हा तुझा पंप हवा ओढणार. अगं, शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर धरतात. त्यातले अंघोळीचे ५५. मिनिटाला दहा लिटरचा शॉवर आठ मिनिटं चालला की ऐंशी. दीड बादलीत माणूस स्वच्छ होतो.

ताई : आणि तुमच्या फ्लशचं बोला ना! ती जुनी टाकी एका दमात दहा-बारा लिटर ओतते. नवीन तीन आणि सहाची असते. शॉवरचं पाणी मोजता, ते नाही मोजत.

अण्णा : त्यात मी बाटली ठेवलीय. लिटरची, भरून.

ताई : म्हणून तुम्ही दोनदा फ्लश करता.

काकूंना हसू आवरेना. अण्णांनी हिशेबाच्या कागदावर उगीचच एक रेघ मारली आणि उलट हल्ला केला.

अण्णा : तुझ्या बाणेरच्या काचेतून अजून पलीकडचं दिसतं का?

हा वार खरा होता. ताईच्या संकुलात उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. त्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसले की लिंबू, व्हिनेगर, बाजारातली फवारणी, सगळं करून ते पुन्हा येतात. शॉवरची बारीक भोकंही बुजतात. कोथरूडला खडकवासल्याचं मऊ पाणी येतं, तेव्हा इथं एवढं होणार नाही, हे ताईनं सांगितलं. पण काच रोज पुसावी लागते हे तिनं नाकारलं नाही, आणि मग पेशानं तिला जी गोष्ट ठाऊक होती ती ती बोलली.

ताई : मला ऐटीसाठी नको आहे शॉवर. आईचं बघा. बसून अंघोळ करायची तर वाकून बादलीतून तांब्या उचलायचा, डोक्यावर न्यायचा, पुन्हा वाकायचं. प्रत्येक वेळी अंगाचा तोल पुढे जातो, खाली ओली फरशी, हात साबणाचा. हँडशॉवर हातात असला तर वाकायला लागत नाही. भिंतीवर उभ्या दांड्यावर सरकणारा घेऊ. उभं राहून वर, बसून खाली.

अण्णा : तो ०.४ वर चालेल?

ताई : कमी दाबावर चालणारे मिळतात. मिनिटाला सहा-सात लिटरचा बघू.

अण्णांनी ४६ हजारांच्या ओळीवर काट मारली आणि पुढे ‘हँडशॉवर, सरकता’ असं लिहिलं. मला वाटतं त्यांना आकड्यापेक्षा तांब्याचा तो हिशेब पटला.

आता काकू बोलल्या. मटार सोलून झाले होते.

काकू : नळाखाली बादली बसते का, हे मोजलंय कोणी?

कोणी मोजलं नव्हतं.

काकू : २००४ ला त्या प्लंबरनं नळ इतका खाली लावला की वीस लिटरची बादली सरळ जातच नाही. तिरकी करून घालायची, आणि भरल्यावर तिरकी करून ओढायची. त्यात भिंतीला लागून तो नळ. तेव्हापासून हेच करतेय मी.

इतकी वर्षं ज्या घरात रोज धरणांच्या गोष्टी होतात, तिथं रोज भरलेली बादली तिरकी ओढली जात होती. ताईनं लगेच मोजपट्टी आणली. बादली पावणेचौदा इंच उंच, कडी उभी धरली तर आणखी वर. नळाचं तोंड फरशीपासून तेरा इंचांवर. ‘अठरा इंच,’ अण्णा म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. नळ भिंतीपासून किती पुढे यायला हवा तेही लिहिलं, म्हणजे बादली भिंतीला घासणार नाही.

काकूंना आणखी दोन गोष्टी हव्या होत्या. बसून रुमाल-मोजे चोळायला नऊ-दहा इंचांचा छोटा कट्टा, आणि भिंतीला टांगलेलं कमोड. या दुसऱ्या मागणीनं अण्णा हबकले, कारण त्यांनी ती ताईची फॅशन म्हणून मनातल्या मनात कधीच रद्द केली होती.

काकू : खालून फडकं फिरतं हो. जमिनीवरच्या कमोडच्या मागे मी हात कसा घालते ते बघा एकदा. काच मात्र नको. ती पुसणार कोण?

या प्रश्नावर टेबलाभोवतीच्या तिघांपैकी कोणीही हात वर केला नाही, आणि ३४ हजार वाचले.

अण्णा : पण टांगलेलं म्हणजे वजन कोण घेणार? ती साडेचार इंची भिंत?

ताई : लोखंडी फ्रेम असते. टाकी तिच्यातच. चांगल्या फ्रेमची चाचणी चारशे किलोवर करतात.

अण्णा : फ्रेमचे पाय कशावर ठेवणार? सिपोरेक्सच्या तुकड्यांवर?

ताईला हे माहीत नव्हतं, आणि गंमत म्हणजे डिझायनरलाही फोन लावल्यावर सांगता आलं नाही. अण्णांनी चित्र काढून दाखवलं : फ्रेमच्या पायांखाली स्लॅबपासून काँक्रीटचे दोन ठोकळे उभे करायचे, भराव त्यांच्या भोवतीनं, आणि कोटिंग ठोकळ्यांवरूनही. फ्रेम भिंतीपुढे सहा-सात इंच जागा खाते, तेवढी लांबी सातातून गेली. सीटची उंची फरशीच्या वर अठरा इंचांच्या आत-बाहेर, काकूंनी बसून दाखवली त्याप्रमाणे. त्यासाठी त्या घरातल्या तीन खुर्च्यांवर बसून बघत होत्या.

मग आला तो विषय, ज्याला ताई सगळ्या वेळ घाबरत होती.

ताई : दोन आधाराचे दांडे बसवायचे. एक कमोडजवळ, एक अंघोळीच्या जागी.

अण्णा : नाही.

ताई : अण्णा…

अण्णा : मला काय झालंय? रोज टेकडी चढतो मी. ते दांडे लावले की ते बाथरूम राहत नाही, वॉर्ड होतो.

ताई : टेकडी कोरडी असते. माझ्याकडे खुब्याचं हाड मोडून येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारते, कुठं पडलात. उत्तर मला आता पाठ झालंय. आणि तुम्ही उठताना काय धरता ते सांगा आधी.

अण्णा गप्प.

काकू : टॉवेलचा दांडा. दिवाळीत त्याचा एक स्क्रू निघाला.

अण्णा : तो मी परत बसवला.

ताई : लाकडी गुट्टीत. तो अर्ध्या किलोचा टॉवेल पेलायला केलेला आहे, तुम्हाला नाही. हवेनं चिकटणारे दांडे मिळतात, तेही मला नकोत. टाइलवर साबणाचा थर बसला की सुटतात. भिंत उघडी असतानाच तिथं भरीव काँक्रीट करून घेऊ आणि स्टीलचे अँकर ठोकू. उंची फरशीपासून ८० ते ९० सेंटिमीटर, तुमच्या मनगटाच्या पातळीवर. रंग तुम्ही निवडा. टॉवेलही टाका त्यावर, मी काही म्हणत नाही.

अण्णांनी ‘हो’ म्हटलं नाही. कागदावर त्यांनी ‘टॉवेल रॉड, भक्कम, २ नग’ असं लिहिलं. ताईनं ते वाचलं आणि पुढे एक अक्षर बोलली नाही. पेशंटशी कधी थांबायचं हे तिला कळतं.

दाराचा मुद्दा मात्र त्यांनी एका वाक्यात मान्य केला. बाथरूमचं दार आत उघडतं. आत कोणी पडलं तर तोच माणूस दाराला आडवा होतो आणि बाहेरच्यांना दार ढकलता येत नाही. ‘बरोबर आहे, बाहेर उघडायला पाहिजे,’ अण्णा म्हणाले, आणि लगेच उठून पॅसेजमध्ये गेले. बाहेर उघडलं तर दार बेसिनला आपटतं. मग सरकतं करायचं का, की बेसिन फूटभर हलवायचं, यावर अर्धा तास गेला आणि निर्णय झाला नाही. कडी मात्र बाहेरून नाण्यानं उघडता येईल अशी घ्यायची, हे ठरलं.

उंबऱ्यावरून थोडं वाजलं. ताईला तो नको, पाय अडखळतो. अण्णांना हवा, नाहीतर पाणी हॉलमध्ये. तोडगा म्हणजे दाराशी आतून फरशीलगत जाळीची लांब पन्हळ, आणि उतार दारापासून आत, पाच फुटांना पाऊण इंच. त्यासाठी जमिनीला मोठ्या टाइल्स चालत नाहीत. दोन बाय चारची एक अख्खी टाइल चहूबाजूंनी जाळीकडे वळवता येत नाही, ती कापावीच लागते. एक बाय एकच्या खरबरीत व्हिट्रिफाइड घ्यायच्या, पाठीमागे किंवा खोक्यावर आर ११ ही न घसरण्याची प्रत लिहिलेल्या. अण्णांनी मधेच न घासलेल्या शहाबादी फरशीची आठवण काढली. ती घसरत नाही हे खरंच. पण साबण आणि तेल पिऊन ती चार महिन्यांत काळी पडते, आणि घासायला पुन्हा काकूच.

विजेवर फार बोलणं झालं नाही, दोघांचं एकमत होतं. पंधरा लिटरचा, दोन किलोवॉटचा साठवणीचा गिझर ठेवायचा. तीन किलोवॉटच्या इन्स्टंटला तेरा अँपिअर लागतात आणि या इमारतीच्या जुन्या वायरिंगवर तो भार टाकायचा नाही. गिझरसाठी मीटरपासून नवी तांब्याची वायर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, अर्थिंग तपासून. बाथरूमच्या आत गॅस गिझर कोणी फुकट दिला तरी नको. बंद जागेत त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडनं माणसं गेल्याच्या बातम्या पुण्यात दर हिवाळ्यात वाचायला मिळतात.

मग माझ्या बाजूचं. घरातल्या संडास-बाथरूमची गळती ही सभासदाची जबाबदारी, असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतच आहे. अण्णांनी मला ते ऐकवू दिलं नाही. ‘तुमचं छत मी करून देतो, पण माझ्या दुसऱ्या पाणी-चाचणीनंतर,’ असं ते म्हणाले, आणि क्रम बरोबर होता. सोसायटीला लेखी कळवायचं, दोन टनांच्या वर राडारोडा गोण्यांत भरून जिन्यानं उतरवायचा आणि तो नदीकाठी नाही तर पालिकेनं ठरवलेल्या जागी जातो हे ठेकेदाराकडून पावतीनिशी घ्यायचं. दुपारी एक ते चार तोडफोड बंद, हाही सोसायटीचा नियम आहे. पुण्यात तो लिहून ठेवावा लागला याचंच मला आश्चर्य वाटतं.

ताई : भिंती बंद करायच्या आधी पाइपांवर दाबाची चाचणी. आणि मोजपट्टी लावून सगळ्या पाइपांचे फोटो. पुढे कोणी खिळा मारला तर कळायला हवं आत काय आहे.

अण्णा : फोटो फोनमध्ये राहतात आणि फोन बदलतात. मी नकाशा काढून ठेवतो.

ताई : कशावर, पाठकोऱ्या कागदावर?

अण्णा : ड्रॉइंग शीटवर. स्केलनं.

नवा आकडा २ लाख ६० हजारांच्या आसपास आला. वॉटरप्रूफिंगची ओळ १८ वरून ५२ हजारांवर गेली होती. काम तीन-चार आठवडे चालणार, मधले सहा दिवस नुसते पाणी भरून बसायचे; आणि घरात बाथरूम एकच.

अण्णा : मी खाली ह्यांच्याकडे अंघोळीला जाईन.

ताई : त्यांच्याकडे गळतंय, अण्णा.

अण्णा : वरचं बंद असलं की कशाला गळेल?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताईनं आईला विचारलं, तू काय करणार.

काकू : मी बाणेरला येते. तुझ्याकडे तो मोठा शॉवर आहे ना.

अण्णांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. ‘तुला शॉवर आवडतो?’

‘विचारलंत कधी?’

अण्णांनी कागद पुन्हा पुढे ओढला आणि काट मारलेल्या ४६ हजारांच्या ओळीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं : ‘पंप किती वॉटचा लागेल?’